मोजा वाजतो, बाळ झोपलेलं असतं

डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. पूर्ण दिवसांची, जन्मतः वजन दोन किलो आठशे, अंगावर पिते, वजन छान वाढतंय. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याने तिच्यासाठी पायात घालायचा एक मोजा पाठवला. त्यात सेन्सर आहे. ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके मोबाइलवर दिसतात. ती तीन आठवड्यांची असताना घालायला सुरुवात केली. पहिले चार दिवस फार बरं वाटलं. पाचव्या रात्री तीन वाजता तो मोठ्याने वाजला. ऑक्सिजन ८१! हे गॅलरीत सिगारेट ओढत होते, ते धावत आत आले. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये शांत झोपली होती. हलवून हलवून जागं केलं, रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. तिथे ९८ आला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, घरी जा. त्यानंतर असं आणखी चार वेळा झालं. पाय गार पडला की मोजा चुकीचं दाखवतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आता दोन दुपटी आणि वरून गोधडी घालते. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी आहेच. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कुठे होती असली मशिनं, काढून टाक. हे म्हणतात, असू दे, नुकसान काय? मोजा चार्जिंगला लावला की मी तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहते. मोजा वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती. सलग चार तास झोप मिळाली तरी पुरे, असं झालंय. माझ्या मावसबहिणीचं तीन महिन्यांचं बाळ पाच वर्षांपूर्वी झोपेतच गेलं, त्यामुळे धीर होत नाही. मोजा ठेवू की काढू?

एक आई, पिंपरी

तुझ्या वयाची माझी लेक आहे, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. मोजा काढ. आज रात्रीच काढून फेक असं म्हणत नाही. कसा काढायचा ते पुढे सांगते. पण तू विचारलंस मोज्याबद्दल आणि जाता जाता चार गोष्टी लिहून गेलीस: गॅलरीतली सिगारेट, दोघांच्या मधली झोप, मोहरीची उशी आणि गोधडी. मला जास्त बोलायचंय ते या चार गोष्टींवर. तरी सुरुवात मोज्यापासूनच करते, नाहीतर तुझं अर्धं लक्ष तिकडेच राहील.

कोविडच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचा चिमटा होता ना, ऑक्सिमीटर, तोच हा, पायाला बांधलेला. लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश कातडीतून सोडायचे, रक्ताने त्यातला कुठला किती शोषला ते मोजायचं आणि त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधायचा. तेव्हाचं आठव. बोट गार असलं, नखाला रंग असला, हात हलला, की आकडा ८८ वर यायचा आणि घरात पळापळ. हात चोळून परत लावला की ९७. मोठ्या माणसाला निदान ‘हात हलवू नका’ असं दटावता येतं. तुझी लेक झोपेत पाय झाडणार, मोजा सरकणार, तळवा गार पडणार, आणि यंत्र बिचारं जे हाती लागेल ते वाचणार.

मी नवजात विभागात शिकाऊ डॉक्टर असताना पहिल्याच रात्री असा आकडा घसरला आणि मी ऑक्सिजनची नळी घेऊन धावले. तिथल्या सिस्टरनी मला हाताने अडवलं. आधी बाळाचे ओठ बघितले, मग छाती, मग यंत्रावरची नाडीची लाट. लाट फाटकी-तुटकी होती. त्यांनी बाळाच्या पायाचा प्रोब, म्हणजे सेन्सरची पट्टी, सोडला, तळवा दोन्ही हातांत धरून ऊब दिली, प्रोब परत बांधला. ९६. एक शब्द न बोलता त्या पुढच्या बाळाकडे गेल्या. हॉस्पिटलातल्या यंत्रावर ती लाट दिसते, आणि लाटेकडे बघायला शिकलेला माणूस तिथे चोवीस तास असतो. मोबाइलवर उरतो नुसता आकडा, आणि तो बघायला रात्री तीन वाजता दचकून उठलेली आई.

हे माझं एकटीचं मत नाही. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी बाजारात मिळणारी असली दोन यंत्रं ३० बाळांना लावून हॉस्पिटलच्या यंत्राशी ताडून पाहिली. एकाला ऑक्सिजन कमी झालेला कधी कळला, कधी नाही. दुसऱ्याला एकदाही कळला नाही. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. उगाच वाजतो एवढीच तक्रार नाही. वाजायला हवं तेव्हा गप्पही बसू शकतो. शिवाय सावळ्या-काळ्या कातडीवर ऑक्सिमीटर कधी कधी आहे त्याहून चांगला आकडा दाखवतो, हे २०२० नंतर मोठ्या माणसांच्या बाबतीत पुष्कळ चर्चेत आलंय. तेव्हा मोबाइलवरचा हिरवा रंगही तू समजतेस तेवढा भक्कम नाही.

तुझा मोजा कुठल्या कंपनीचा ते तू लिहिलं नाहीस, आणि माझ्या उत्तराला त्याने फरकही पडत नाही. पण या जातीतला सगळ्यात गाजलेला मोजा आउलेट कंपनीचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला पत्र धाडलं, की हे वैद्यकीय उपकरण आहे आणि मान्यतेशिवाय विकता येणार नाही. विक्री थांबली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या नव्या मोज्याला मान्यता मिळाली, तीही एक ते अठरा महिन्यांच्या निरोगी बाळांपुरती. तू मोजा घालायला लागलीस तेव्हा तुझी लेक तीन आठवड्यांची होती. आणि मान्यता म्हणजे त्याने झोपेतला मृत्यू टळतो असं नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एएपीने, २०२२ च्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय, की झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी घरी असली यंत्रं वापरू नका.

आता बाळाच्या श्वासाचं एक गुपित सांगते. ते कुणी सांगितलं नाही म्हणून निम्म्या आया घाबरतात. लहान बाळ तुझ्या-माझ्यासारखं एका लयीत श्वास घेत नाही. झबलं वर कर आणि पोटाकडे बघ. भरभर दहा-बारा श्वास घेईल, मग एकदम थांबेल. तू मनात मोजशील एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि तुझाच श्वास अडकेल. मग ती एक मोठा उसासा टाकेल आणि पुन्हा सुरू. पाच-दहा सेकंदांचे असे थांबे या वयात नेहमीचे. वीस सेकंद किंवा जास्त थांबणं, किंवा थांबताना रंग बदलणं, हे वेगळं. पण तिथेही गंमत बघ. अमेरिकेत १,०७९ बाळांना घरी यंत्रं लावून केलेला मोठा अभ्यास २००१ मध्ये छापून आला. श्वास वीस सेकंद थांबणं किंवा ठोके मंदावणं, अशी एकदा तरी नोंद झालेली बाळं निरोगी, पूर्ण दिवसांच्या गटातही ४३ टक्के होती. यंत्राला जे संकट वाटतं, ते पुष्कळदा बाळपणच असतं.

‘नुकसान काय’ म्हणणाऱ्या तुझ्या अहोंसाठी एक साधं गणित. समज, मोजा इतका चांगला आहे की शंभर तासांत एकदाच चुकतो. बाळ दिवसाला पंधरा तास झोपतं, म्हणजे आठवड्याला एकशे पाच तास. आठवड्यातून एक खोटी घंटा ठरलेली. एका घंटेमागे एक रिक्षा, एक रात्र, हॉस्पिटलात इतर आजारी मुलांच्या गर्दीत दोन तास. आणि जोरात हलवून जागं केलेलं बाळ, हे सगळ्यात वाईट. पुन्हा कधीही तिला असं हलवू नकोस. या वयात मान धरत नाही, डोक्याला आतून इजा होऊ शकते. शंका आली तर दिवा लाव, ओठ आणि जीभ बघ, तळव्याला बोटाने चोळ किंवा टिचकी मार. बस.

सासूबाईंना सांग, निष्कर्ष तुमचा बरोबर, कारण चुकलं. त्यांच्या वेळी मशिनं नव्हती तशी बाळंही जास्त जात होती. १९७१ मध्ये भारतात हजारातली १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत जायची. २०२० मध्ये २८, महाराष्ट्रात १६. एका गोष्टीचं श्रेय मात्र त्यांच्या पिढीला द्यायलाच हवं. आपल्याकडे बाळाला पहिल्यापासून उताणं झोपवतात. पाश्चात्त्य देशांत कित्येक वर्षं पालथं झोपवायचे. अमेरिकेत १९९४ मध्ये ‘पाठीवर झोपवा’ अशी मोहीम काढली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकही सेन्सर न लावता.

आता तुझ्या अंथरुणाकडे वळते.

मोहरीची उशी आजच उचल. डोकं गोल करायचं असेल तर एका रात्री डोकं डावीकडे, दुसऱ्या रात्री उजवीकडे वळवून ठेव, आणि जागी असताना, तू समोर बसलेली असताना, दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं पालथी घाल. उशीने मान पुढे वाकते आणि हनुवटी छातीला टेकली की तिची एवढीशी श्वासनळी चिमटते. झोळीतही हेच होतं. झोळी वाईट असं मी म्हणत नाही, माझी लेक साडीच्या झोळीतच वाढली. पण डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवायचं.

गोधडी तर मोज्यासाठी आली, हे वाचून मी कपाळाला हात लावला. बाळाच्या सुरक्षेसाठी आणलेल्या वस्तूला नीट वाचता यावं म्हणून बाळावर पांघरुणांचा ढीग! फार उकडणं आणि तोंडावर पांघरूण येणं, हे दोन्ही धोके खरे आहेत. तुझ्या अंगावर जेवढे कपडे, त्याहून एक थर जास्त, एवढंच पुरे. मानेच्या मागे हात घालून बघ. घामेजलेली लागली तर एक थर काढ. हाता-पायांवरून ऊब ठरवू नकोस, ते गारच असतात. घरात टोपी नको.

झोपायची जागा तुमच्या खोलीतच, तुझ्या हाताच्या अंतरावर, पण वेगळी. महागडा पाळणा लागत नाही. घट्ट, सपाट गादी, ताणून बसवलेली चादर, तिच्यावर दुसरं काहीही नाही. रात्री पडून पाजताना डोळा लागतो, मला माहीत आहे, सगळ्यांचा लागतो. म्हणून पाजायला सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नकोस, तिथे झोप लागणं सगळ्यात धोक्याचं. पलंगावरच पाज, आजूबाजूच्या उशा आणि पांघरुणं आधीच दूर कर, आणि जाग आली की तिला तिच्या जागी ठेव.

आता सिगारेट. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव. बाळाच्या झोपेतल्या मृत्यूचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धूर फार वरचा, आणि ओढणारा माणूस त्याच अंथरुणात झोपत असला तर आणखी. गॅलरीत ओढून येणं म्हणजे मधला मार्ग नाही. धूर कपड्यांना, केसांना, श्वासाला लागून आत येतो. मोजा आणायला भावाने पैसे खर्च केले, सिगारेट सोडायला एक पैसा लागत नाही, उलट वाचतो. सुटेपर्यंत निदान त्यांचं अंथरूण वेगळं. ओढून आल्यावर शर्ट बदलून, हात-तोंड धुऊनच तिला घ्यायचं. हाच नियम डासांच्या कॉइलला आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीच्या धुरीला. ओव्याचा वास मलाही आवडतो, पण तिच्या फुप्फुसांना तो धूरच.

हे सगळं झालं की मग श्वास मोजायला शीक. खरंच. हे मी तुला आपल्याच राज्यातून शिकवते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. त्यांतल्या कित्येकींना साठपर्यंत आकडे येत नव्हते. म्हणून एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलात, तर बाळ आजारी. बॅटरी नाही, वायफाय नाही. डोळे मात्र पूर्ण एक मिनिट बाळाच्या पोटावर.

तूही तेच कर. बाळ शांत असताना किंवा झोपेत, पोट वर-खाली झालं की एक, असं घड्याळ लावून पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस. मधल्या थांब्यांमुळे हिशेब चुकतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त आले तर थोड्या वेळाने परत मोज. पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. ती पूर्ण दोन महिन्यांची झाली, की तेव्हापासून हा आकडा पन्नास. पण श्वास किती का येईनात, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, पिणं सोडलं असेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, उठवूनही उठत नसेल, तर थांबायचं नाही. ओठ-जीभ निळी दिसली तर थेट १०८. (गारठ्याने नुसते हात-पाय निळसर होणं वेगळं.) तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून बाळाच्या सीपीआरचा (श्वास थांबल्यावर छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन करायच्या प्रथमोपचाराचा) एक वर्ग तुम्ही दोघं करा, बाहुलीवर हाताने करून शिका. व्हिडिओ बघून ते येत नाही.

मोजा वाजल्यावर रात्री तपासणारे डॉक्टर वेगळे असतात, म्हणून एकदा दिवसा, नेहमीच्या डॉक्टरांना सगळी हकिगत सांगून नीट तपासून घे. फार आधी जन्मलेली, श्वास थांबण्याचा खरा त्रास असलेली किंवा घरी ऑक्सिजनवर असलेली बाळं असतात. त्यांच्यासाठी डॉक्टर वैद्यकीय यंत्र देतात आणि वापरायला शिकवतात. तुझ्या वर्णनावरून ती त्यांतली वाटत नाही.

मावसबहिणीचं कळलं आणि वाईट वाटलं. त्या घरातली ती सकाळ तू विसरू शकत नाहीस, आणि विसर असं मी म्हणणार नाही. मावशीला एवढंच विचार, की डॉक्टरांनी कारण काही सांगितलं होतं का. हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक दोष निघाला असेल, तर तुझ्या लेकीचा एक ईसीजी काढून घ्यायला सांग. तसं काही नसेल, तर मावसबहिणीच्या बाळाचं जाणं तुझ्या बाळाच्या पत्रिकेत लिहिलेलं नाही.

आणि तुझं काय? मोजा वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती, हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाळंतपणानंतरची उदासी लोकांना आता माहीत झाली आहे, बाळंतपणानंतरची काळजी अजून नाही. बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही, तीच ती कल्पना डोक्यात घोळत राहते, दर दहा मिनिटांनी तपासल्याशिवाय राहवत नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. मोज्याने तो बरा होत नाही. एकदा बघितल्याने दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग पुन्हा बघावंसं वाटतं. मोजा काढून दोन आठवड्यांनीही हेच चालू राहिलं, तर तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेट. अंगावर पाजताना चालणारी औषधं असतात. रात्री-अपरात्री फार घुसमट झाली तर टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी नंबर लाव, मराठीत बोलता येतं. नको-नको ते विचार येऊन जिवाचं काही करावंसं वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस.

मोजा असा काढ. पहिले तीन दिवस दिवसाच्या झोपेला घालायचा नाही. पुढचे तीन दिवस रात्री घाल, पण मोबाइल अहोंच्या उशाशी. तू आकडा बघायचा नाहीस. मग दिवसाआड. मग कपाटात. त्याच दिवसांत रात्रीच्या पाळ्या लावा: दहा ते दोन तू झोप, दुसऱ्या खोलीत, दार लोटून. त्या वेळात जागं राहायचं काम बाळाच्या बाबांचं किंवा सासूबाईंचं. भूक लागली तर ते बाळ तुझ्याकडे आणतील, तू पाजशील आणि परत देशील. चार तास हवेत म्हणालीस, ते इथून मिळतील. तोवर चार्जरची वायर बाळाच्या जागेपासून तीन फूट तरी लांब ठेव. २०१३ मध्ये अमेरिकेत गादीखाली ठेवायच्या सेन्सरची सहा लाख यंत्रं परत मागवली होती, त्यांच्या वायरीचा फास बसून दोन बाळं गेली म्हणून.

भावाला वाईट वाटेल याची चिंता करू नकोस. त्याने प्रेमाने पाठवलं, तू वापरून पाहिलंस. सुट्टीवर येईल तेव्हा त्याला रात्री दोन ते पाचची पाळी दे.